सरासरीची चाळण व पावसाच्या लाटा

पावसाचे जुने आंकडे पाहून पुढील चार-दोन वर्षांचा अदमास बांधण्याची चाल आपल्या शेतकरीवर्गांत फार जुनी आहे, आणि तींत कांहीं वावगें आहे असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. पूर्वीं हा अदमास वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर चाले. आतां तालुक्याचे तीस-चाळीस वर्षांचे आंकडे मिळूं शकतात, व हिशेबी मंडळी त्यांची पंचवार्षिक सरासरी काढून कागदावर रेषा ओढतात. रेषा ओढली कीं तींत लाटा दिसूं लागतात. कांहीं वर्षें चढ, कांहीं वर्षें उतार. मग 'सध्यां लाट चढती आहे' या भरंवशावर संत्र्या-मोसंब्याची बाग लावण्याकरितां सोसायटीचें कर्ज निघतें. बाग फळावर येण्यास पांच-सहा वर्षें लागतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतें. तेव्हां कागदावरची लाट खरी कीं भासमान, हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर देणारें एक शास्त्र आहे. मोजलेल्या आंकड्यांत खरा अंश किती व यदृच्छेनें, म्हणजे कोणत्याहि नेमाशिवाय, मिसळलेला अंश किती, हें तें पाहतें; आणि पहिला ठेवून दुसरा गाळण्याच्या रीति सांगतें. तारायंत्रापासून आगबोटी व विमानें यांच्या मार्गशोधनापर्यंत त्याचा उपयोग झाला आहे. ज्यास बेरीज, भागाकार व वर्गमूळ येतें त्यास त्यांतील मुख्य गोष्टी समजण्यास अडचण पडूं नये.

प्रथम मोजणीचाच विचार करूं, कारण गाळण्याचा प्रश्न तेथूनच निघतो. जुन्या मुंबई इलाख्यांत जमिनीची मोजणी शंकु व साखळी यांनीं होत असे. साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. समजा, एक बांध २० साखळ्या लांब भरला, व दर साखळीस खुंटी रोवतांना सुमारें अर्धा इंच चूक होते. केव्हां पुढें, केव्हां मागें. साधा माणूस म्हणेल कीं वीस अर्धे म्हणजे दहा इंच चुकले. तसें होत नाहीं. कांहीं चुका पुढच्या, कांहीं मागच्या, आणि त्या परस्परांस खातात. मात्र अगदीं बरोबर खात नाहींत, थोडी बाकी राहतेच. ही बाकी वीस पटीनें न वाढतां विसाच्या वर्गमूळानें, म्हणजे सुमारें साडेचार पटीनें, वाढते. अर्ध्या इंचाचे साडेचार पट म्हणजे सव्वादोन इंच. साडेसहाशें फुटांच्या बांधांत सव्वादोन इंचांची चूक कोणीहि मान्य करील.

आतां दुसरा प्रकार पाहा. खुंटी अगदीं बिनचूक रोवली, पण साखळीच वापरून वापरून अर्धा इंच ताणली आहे. येथें प्रत्येक चूक एकाच बाजूची. वीस साखळ्यांत पुरे दहा इंच जातात, व तेहि निश्चितपणें. ३३ फुटांचे ३९६ इंच होतात. त्यांत अर्धा इंच म्हणजे ७९२ वा हिस्सा, आणि क्षेत्रफळांत लांबी व रुंदी दोन्हीं गुंतल्यामुळें ३९६ वा हिस्सा. दहा एकरांचे गुंठे ४००. म्हणजे अशा साखळीनें दहा एकरांचें रान मोजलें तर तें जवळजवळ एक गुंठा कमी भरेल. तें दहादां मोजा, दहाहि वेळां तेवढेंच कमी भरेल, आणि मोजणाऱ्यास आपले आंकडे एकमेकांशीं जुळले याचें समाधान मात्र वाटेल. बांधाच्या तंट्यांत हें समाधान फार महाग पडतें.

सरासरीचें सामर्थ्य केवळ पहिल्या प्रकारच्या चुकीवर चालतें, व तेंहि एका अटीवर: एका मोजणीची चूक दुसरीशीं संबंध ठेवणारी नसावी. हल्लीं मोबाईल फोनवर शेताचा कोपरा नोंदवितात. एके ठिकाणीं उभें राहून एका मिनिटांत दहा नोंदी घेतल्या व त्यांची सरासरी काढली म्हणजे चूक दहाच्या वर्गमूळानें कमी झाली, असा समज आढळतो. तो बरोबर नाहीं. उपग्रहांकडून येणाऱ्या लहरींस त्या मिनिटांत वातावरणामुळें जो फरक पडतो तो दहाहि नोंदींत जवळजवळ एकच असतो, आणि दहाहि नोंदी एकाच दिशेस कांहीं मीटर सरकतात. वेगळ्या दिवशीं, वेगळ्या वेळीं घेतलेल्या चार नोंदी त्या दहांपेक्षां अधिक मोलाच्या होत.

आतां पावसाकडे वळूं. पर्जन्यमापकाचें तोंड बहुधा २०० चौरस सेंटिमीटरांचें असतें. एका हेक्टरांत दहा कोटी चौरस सेंटिमीटर. म्हणजे ज्या तोंडानें आपण पाऊस मोजतों तें एका हेक्टराचा केवळ पांच लाखावा भाग आहे, आणि त्यावरून साऱ्या मंडळाचा पाऊस ठरतो. ता. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या चोवीस तासांत मुंबईस सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, व त्याच शहरांत कुलाब्यास सुमारें ७३. दोन्हीं यंत्रें बरोबर होतीं, पाऊसच तसा पडला. यांत मोजणाऱ्या माणसाची भर पडते ती निराळीच. नोकरीच्या काळांत लेखकाच्या हातांखालून पर्जन्याचीं जीं हस्तलिखित रजिस्टरें गेलीं त्यांत शून्य व पांच यांवर संपणारे आंकडे प्रमाणाबाहेर असत. आभाळ कांहीं पांचाच्या पाढ्यानें गळत नाहीं. नळीवरची खूण वाचणाऱ्यानें तो पाढा लाविला, एवढाच त्याचा अर्थ.

स्वयंचलित यंत्रानें ही खोड गेली, पण दुसरी आली. नाळक्यांत पाला अडकतो, पक्षी घरटें बांधतो, तार हलते, आणि मध्येंच एखादा राक्षसी आंकडा उमटतो. शेजारच्या तीन यंत्रांनीं २२, २४ व २४० असे आंकडे दिले तर त्यांची सरासरी ९५ येते, व ती तिन्हींपैकीं एकाचेंहि खरें सांगत नाहीं. अशा वेळीं आंकडे चढत्या क्रमानें मांडून मधला उचलावा, तो २४. मधल्या आंकड्याची ही चाळण एखादा खडा फार चांगला काढते. पण सांताक्रूझचे ९४४ हि तिनें खडा म्हणूनच फेंकले असते, हें विसरतां कामा नये. चाळणीस धान्य व खडा यांतील भेद कळत नाहीं, तिला फक्त आकार कळतो.

एवढें ध्यानीं घेऊन आतां पंचवार्षिक सरासरीची परीक्षा करूं. पहिल्या पांच वर्षांची सरासरी, मग एक वर्ष पुढें सरकून दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतची, मग तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची, अशी ही सरकती सरासरी. वर्षावर्षांतील चढउतार साधारण १५० मिलिमीटरांचा असेल तर पांचाच्या वर्गमूळानें भागून तो ६७ वर येतो, व रेषा मऊ होते. येथवर ठीक. पण ही चाळण आणखीहि एक काम गुपचूप करते. तें दिसण्यासाठीं ज्यांत पावसाचा किंवा ऋतुचक्राचा लेशहि नाहीं असे आंकडे घेऊं. वर्तुळाचा परीघ त्याच्या व्यासाच्या किती पट, तें प्रमाण ३ च्या पुढें दशांशांत चालूं केलें तर पहिले तीस अंक असे येतात:

१, ४, १, ५, ९, २, ६, ५, ३, ५, ८, ९, ७, ९, ३, २, ३, ८, ४, ६, २, ६, ४, ३, ३, ८, ३, २, ७, ९.

या अंकांच्या क्रमांत चक्र किंवा लाट आजवर कोणास सांपडलेली नाहीं. शून्य ते नऊ हे अंक सारख्या प्रमाणांत येत राहिले तर त्यांची सरासरी ४.५ पडावी. आतां हीं तीस 'वर्षें' समजून त्यांची सरकती पंचवार्षिक सरासरी काढा:

४.०, ४.२, ४.६, ५.४, ५.०, ४.२, ५.४, ६.०, ६.४, ७.६, ७.२, ६.०, ४.८, ५.०, ४.०, ४.६, ४.६, ५.२, ४.४, ४.२, ३.६, ४.८, ४.२, ३.८, ४.६, ५.८.

वाचकांनीं ही रेषा चौकटीच्या कागदावर अवश्य ओढून पाहावी. सहाव्या स्थानापासून ती चढूं लागते, दहाव्यास ७.६ चें शिखर गांठते, पंधराव्यापर्यंत ४.० वर उतरते. सातव्यापासून चौदाव्यापर्यंत आठ सरासऱ्या ओळीनें ४.५ च्या वर आहेत. पुढें एकोणिसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंत सातांपैकीं पांच खालीं. जणुं कांहीं अवर्षणाचा काळ. शेवटीं पुन्हां चढ. हा तालुक्याचा पाऊस म्हणून दाखविला तर गांवांतील जाणता माणूस 'सुकाळाचीं आठ वर्षें' म्हणून बोट ठेवील आणि शेवटचा चढ पाहून बाग लावील.

लाट आली कोठून? मूळ ओळींत अकरावा ते चौदावा अंक पाहा: ८, ९, ७, ९. चार मोठे अंक यदृच्छेनें शेजारीं पडले. या चारांपैकीं एक तरी ज्या पंचकांत येतो अशीं पंचकें मोजलीं तर तीं बरोबर सातव्यापासून चौदाव्यापर्यंत, आठच निघतात. चार अंकांची गांठ चाळणीनें पसरून आठांची लाट केली. शेजारच्या दोन सरासऱ्यांत पांचांपैकीं चार आंकडे तेच असतात. त्या एकमेकींसारख्या निघणारच. मूळ आंकड्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नसला तरी लगतच्या सरासऱ्यांचा संबंध ०.८ चा असतो, एक सोडून ०.६ चा, आणि पांच स्थानें दूर गेल्यावरच तो नाहींसा होतो. म्हणून तीस वर्षांच्या नोंदींत सव्वीस पंचवार्षिक सरासऱ्या दिसल्या तरी स्वतंत्र साक्षी सहाच: वरील उदाहरणांत ४.०, ४.२, ७.२, ४.६, ३.६ व ५.८. सव्वीस साक्षीदार उभे करून त्यांतील वीस एकमेकांचेंच ऐकून बोलत असतील, तर कचेरींत अशा साक्षीची किंमत काय होते तें सांगावयास नको.

ही गोष्ट प्रथम ठसठशीतपणें दाखविली ती येव्गेनी स्लुट्स्की या रशियन अर्थशास्त्रज्ञानें, १९२७ मध्यें. सरकारी कर्जाच्या सोडतींत निघालेल्या आंकड्यांचे शेवटचे अंक घेऊन त्यानें दहा-दहांच्या सरकत्या बेरजा केल्या, आणि ती रेषा इंग्लंडांतील १८५५ ते १८७७ च्या व्यापारी तेजीमंदीच्या रेषेशेजारीं मांडली. दोहोंचें साम्य पाहून वाचणारे चकित झाले. सोडतीच्या अंकांत तेजीमंदी कोठून असणार? पण यावरून तेजीमंदी खोटी, असें त्याचें म्हणणें नव्हतें. निसर्गांत व व्यवहारांतहि चाळणी आहेत, आणि यदृच्छ धक्के त्यांतून गेले म्हणजे खऱ्या लाटा उठतात, हें त्याचें सांगणें.

त्याच वर्षीं इंग्लंडांत उड्नी यूल यानें सूर्यावरील डागांचा अभ्यास करतांना याच अर्थाचा दृष्टान्त दिला. खोलींत एक लंबक झुलत आहे. कांहीं पोरें आंत शिरतात व त्यावर वाटाणे मारूं लागतात. वाटाणा केव्हां, कोणत्या बाजूनें लागेल याला नेम नाहीं; तरी लंबक झुलतच राहतो, फक्त त्याचा झोका केव्हां मोठा, केव्हां लहान, व त्याची वेळ थोडी मागेंपुढें होत जाते. धक्के बेनेमी असूनहि झोक्यास रूप असतें, कारण लंबकास स्वतःची स्मृति आहे. सर गिल्बर्ट वॉकर, जे १९०४ ते १९२४ हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख होते, त्यांनीं हीच रीत पुढें वाढवून १९३१ मध्यें ऑस्ट्रेलियांतील डार्विन बंदराच्या वायुभारास लाविली. पॅसिफिक महासागराच्या उष्णतेचा, ज्यास एल निनो म्हणतात त्याचा, आपल्या पावसाशीं संबंध आहे तो याच डार्विनच्या वायुभाराशीं गुंतलेला आहे. तो फेरा दोन ते सात वर्षांनीं येतो; म्हणजे त्याला रूप आहे पण घड्याळ नाहीं.

आपल्या शेतांतली विहीरहि असाच लंबक आहे. समजा, भूगर्भांतील पाण्याची जी तूट पडते तिच्यापैकीं निम्मी पुढील वर्षीं शिल्लक राहते. एके वर्षीं पाऊस कमी होऊन विहीर चार हात खालीं गेली, व नंतर तिन्हीं वर्षें पाऊस अगदीं बेताचा बरोबर झाला, तरी विहीर दोन हात, मग एक हात, मग अर्धा हात खालीं राहील. चार वर्षांची मंदी दिसेल, धक्का एकच. अशा विहिरीकडे पाहून 'पावसाचें मान उतरलें' असें म्हणणें चुकीचें. आणि पावसाचें एक चांगलें वर्ष पाहून लागलीच विहिरीच्या भरंवशावर ऊस वाढविणेंहि तितकेंच चुकीचें.

चाळणीचा आणखी एक दोष म्हणजे उशीर. पाऊस खरोखरच एखाद्या वर्षापासून कमी झाला तर मागील पांच वर्षांची सरासरी तें पूर्णपणें सांगण्यास पांच वर्षें घेते. आणि सरासरी मधल्या वर्षासमोर मांडली तर शेवटचीं दोन वर्षें कोरींच राहतात. जेथें बागेचा निर्णय घ्यावयाचा तेथेंच रेषा संपलेली असते, व पुढची पेन्सिल हातानें ओढली जाते. चाळण रुंद करावी तर गोंगाट कमी होतो पण उशीर वाढतो. अरुंद करावी तर उलट. या दोहोंत उत्तम मेळ कोठें, हें गणितानें काढण्याची रीत अमेरिकेंत नॉर्बर्ट वीनर यानें युद्धकाळांत बसविली. ती १९४९ मध्यें ग्रंथरूपानें निघाली. पुढें १९६० मध्यें रुडॉल्फ काल्मन यानें ती अधिक सोपी केली: जुना अदमास व नवी मोजणी यांचें मिश्रण दर वेळीं करीत जावें, व ज्याची चूक लहान त्यास वजन अधिक द्यावें. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांचा मार्ग या रीतीनें शोधला गेला.

वजन किती द्यावें, याचा नियम हिशेबी माणसास आवडण्याजोगा आहे: चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत. समजा, पीक कापणीच्या प्रयोगावरून एकरीं १२ क्विंटल उत्पन्न निघालें व त्यांत २ क्विंटलांची चूक संभवते. नजरअंदाज १५ क्विंटलांचा, पण त्याची चूक ४ ची. वर्ग ४ व १६. वजनें ४ व १. बारा चोक अठ्ठेचाळीस, त्यांत पंधरा मिळवून त्रेसष्ट, पांचांनीं भागून १२.६ क्विंटल. या मिश्रणाची चूक सुमारें १.८, दोहोंपेक्षांहि कमी. मात्र ताणलेल्या साखळीची गोष्ट येथेंहि लागू आहे. नजरअंदाज जर एकाच बाजूस झुकणारा असेल, आणि जेथें सूट किंवा विमा मिळावयाचा असतो तेथें तो झुकतोच, तर मिश्रण बिघडतें. म्हणूनच कापणीचा तुकडा यदृच्छ आंकड्यांच्या तक्त्यावरून निवडण्याची पद्धति ठेविली आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ मध्यें जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें या कामांतील कार्य प्रसिद्ध आहे. तुकडा चांगल्या किंवा वाईट पिकांत पडला तरी तो हलविण्याचा आग्रह शेतकऱ्यानें धरूं नये व अधिकाऱ्यानें मानूं नये. हलविला कीं यदृच्छ चुकीची एकांगी चूक झाली, आणि ती कोणत्याहि सरासरीनें निघणार नाहीं.

आतां मूळ प्रश्न. आपल्या तालुक्याच्या पावसाची लाट खरी कीं चाळणीची, हें घरच्या घरीं तपासतां येतें. तीस वर्षांचे वार्षिक आंकडे तीस चिठ्ठ्यांवर लिहावे. प्रथम खऱ्या क्रमानें सरकती सरासरी काढून सर्वांत मोठी व सर्वांत लहान यांतील अंतर टिपावें (वरील अंकांत तें ७.६ वजा ३.६, म्हणजे ४.० होतें). मग चिठ्ठ्या मडक्यांत घालून चांगल्या ढवळाव्या, एकेक काढून ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें लिहाव्या, व पुन्हां तेंच अंतर काढावें. असें एकोणीस वेळां करावें. शाळेंतील दोन मुलें बसविलीं तर चार-दोन संध्याकाळींचें काम आहे. ढवळलेल्या क्रमांतहि तेवढ्याच लाटा वारंवार निघाल्या तर खऱ्या क्रमाची लाट निर्णयाच्या उपयोगाची नाहीं. खरा क्रम वीसांतहि पहिला आला, तर निव्वळ यदृच्छेनें असें होण्याचा संभव वीसांत एक. मग कृषि-हवामान जाणणाऱ्या तज्ज्ञास विचारण्याइतकें कारण मिळालें असें समजावें.

सरासरी तीन वर्षांची, पांचांची कीं सातांची, हें चिठ्ठ्या काढण्यापूर्वींच ठरवावें. निरनिराळ्या वीस तऱ्हा करून पाहिल्या तर वीसांत एक संभव असलेली गोष्ट त्यांतून एकदां निघणें अगदीं स्वाभाविक आहे. अनेक चक्रें तपासून त्यांतलें सर्वांत ठळक तेवढें दाखविणाऱ्यांविरुद्ध वॉकरसाहेबांनीं १९१४ मध्येंच कसोटी घालून दिली होती. विहिरीच्या पातळीच्या आंकड्यांस मात्र ही चिठ्ठ्यांची परीक्षा लावूं नये. चिठ्ठ्या ढवळल्या कीं एका वर्षाची तूट पुढच्या वर्षांत जाते ती स्मृतीच पुसली जाते, आणि मग साधी विहीरहि दरवेळीं चमत्कारिक ठरते. तेथें प्रत्येक वर्षाच्या तुटीतून मागील वर्षाच्या तुटीचा निम्मा, किंवा आपल्या विहिरीच्या अनुभवास जो हिस्सा जुळेल तो, प्रथम वजा करावा, व जी बाकी उरेल तीच चिठ्ठीवर लिहावी.